अर्ध्या वाक्याचा माणूस

इसामू इवाकिरीला कुणाचंही वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेणं जमत नसे. मियाकोनोजो गावच्या जुन्या बाजारात त्याचं केस कापायचं दुकान होतं, दोन खुर्च्यांचं. खुर्चीत बसलेला माणूस "जरा मागून" एवढं म्हणाला की इसामू म्हणे, "बारीक. कळलं." गिऱ्हाइकाला मागचे केस लांब ठेवायचे असत. इसामूचे हात मात्र त्याच्या तोंडापेक्षा शहाणे होते. तोंड 'कळलं' म्हणून मोकळं झालं तरी हात थांबून राहत, आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा बोललं की मगच कात्री चाले. म्हणून तर दुकान चाललं, नाहीतर पहिल्याच वर्षी कुलूप लागलं असतं.

एकदा तांदळाचा व्यापारी हिदाका दारात उभा राहून म्हणाला, "आमची आई..."

"शंभरीला आली ना! अभिनंदन, अभिनंदन. या, बसा."

"काल गेली," हिदाका म्हणाला.

त्यानंतर इसामू आठवडाभर खाली मान घालून केस कापत होता. आठव्या दिवशी पुन्हा मूळपदावर. जित्याची खोड, दुसरं काय.

दुसरी खुर्ची त्याच्या बायकोची, मित्सुएची. दाढ्या करणं आणि बायकांच्या चेहऱ्यावरची लव काढणं हे तिचं काम. वस्तरा तिच्या हातात असला की गिऱ्हाईक घोरू लागायचं, इतका हलका हात. बोलणंही तसंच, सावकाश. आधी विचार करणार, मग तोंड उघडणार, मग मध्ये एकदा थांबणार. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती, आणि त्या वर्षांतली निम्मी वाक्यं तिनं सुरू केली आणि त्यानं संपवली. बरीचशी चुकीची संपवली. पण ती हसून सोडून देई. हिदाकानं एकदा तिला विचारलंसुद्धा, "वहिनी, यानं लग्नाचं विचारलं तेव्हा 'हो' पण यानंच म्हटलं होतं का हो?"

"हो," इसामू म्हणाला.

असा हा उतावळा माणूस तीस वर्षं धनुष्य ओढत होता, आणि बरं ओढत होता. देवळामागच्या चढावर तालीम होती, लाकडी जमिनीची, एका अंगानं उघडी. समोर गवत आणि गवतापलीकडे वाळूच्या उतारावर निशाणं. या गावात बांबूची धनुष्यं बनतात, पिढ्यान् पिढ्या. त्यामुळे इथल्या न्हाव्यानं, पोस्टमननं, भाजीवाल्यानं धनुष्य ओढलं तर कुणाला नवल वाटत नाही. तालमीचे गुरू सेतोगुची, वय वर्षं चौऱ्याऐंशी, स्वतः धनुष्यं बनवणारे. आता डोळे गेल्यामुळे बनवत नसत, पण कोण कसा बाण सोडतो हे दोरीच्या आवाजावरून सांगत.

तिथं एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवतात. धनुष्य उचलायचं, ओढायचं, बाण गालाला टेकला की थांबायचं. त्या थांबण्याला ते लोक 'काइ' म्हणतात, म्हणजे भेट. मग दोरी सुटते, त्याला म्हणतात निरोप. निरोप आपण द्यायचा नसतो, भेट पुरी भरली की तो आपोआप होतो. आणि बाण गेल्यावरही हात पसरून तसंच उभं राहायचं, बाणामागे मन थोडं राहू द्यायचं. लागला की नाही ते बघायला मान वळवली की सेतोगुची सेन्सेई, म्हणजे गुरुजी, छडी आपटत.

इसामूची भेट चांगली होती. लोक म्हणत, बाराही महिने धावणारा हा माणूस दिवसातून तेवढे सहा-सात श्वासच काय तो उभा राहतो. पाचव्या दर्जाच्या परीक्षेला तो सहासष्टाव्या वर्षी बसला. परीक्षा मियाझाकी शहरात होती, ऑक्टोबरातल्या एका रविवारी.

त्या सकाळी तो दारात बूट चढवत होता. लांब धनुष्य कापडात गुंडाळून खांद्यावर, गाडी सुटायला वीस मिनिटं. मित्सुए डबा घेऊन मागून आली आणि म्हणाली, "अहो, माझा हात जरा..."

"अवघडला असेल झोपेत. गरम पाण्यात धर," इसामू म्हणाला. डबा घेतला आणि निघाला.

परीक्षेत दोन बाण असतात. दोन्ही लागले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही वेळा भेट अशी भरली की परीक्षकांपैकी एका म्हातारीनं मान डोलावली म्हणे. त्या आनंदात त्यानं पिशवीतून फोन काढला. शेजारच्या चहाच्या दुकानदारणीचे अकरा फोन येऊन गेले होते. मित्सुए दुकानात, दोन खुर्च्यांच्या मधोमध, जमिनीवर सापडली होती. डोक्यात रक्ताची गाठ. किती वेळ पडली होती कुणाला माहीत नव्हतं.

ती वाचली. तीन महिन्यांनी काठीच्या आधारानं घरी आली. उजवा पाय ओढत का होईना चालायचा. उजवा हात मांडीवर पडून राहायचा. समजत तिला सगळं होतं, कोण आलं, काय म्हणालं, टीव्हीवरच्या बातमीत काय चुकलं, सगळं. बोलणं मात्र गेलं होतं. गेलं म्हणजे अगदीच गेलं नव्हतं. एखादा शब्द यायचा, बऱ्याच वेळानं, धडपडत. दुसरा त्याहून उशिरा.

आणि इसामूला ती वाट बघवेना. आधीच्या घाईत निदान चैन होती, आता तिला भीती जोडली गेली. तिचे ओठ हलले की तो हाताला येईल तो शब्द तिच्या पुढ्यात टाकायचा. चहा? औषध? खिडकी लावू? शाल? थंडी वाजते? कोण, हिदाका? ती मान हलवून नाही म्हणायची. तो आणखी चार शब्द टाकायचा. पाचव्या-सहाव्याला ती नुसतीच मान डोलवायची, आणि तिला खरंच शाल हवी होती असं समजून तो शाल आणायचा. उन्हाळ्यातसुद्धा आणायचा. ती मुकाट्यानं पांघरून बसायची.

त्या लोकांच्या भाषेतही 'नको' आणि 'नाही' वाक्याच्या अगदी शेवटी येतात, मराठीसारखेच. इसामूसारख्या माणसाची तिथंच फसगत. एकदा तो रताळ्याचे गाने तळत होता. रताळ्याच्या काड्या पिठात बुडवून तळायच्या, त्या खेकड्यासारख्या वेड्यावाकड्या फुलतात, म्हणून नाव गाने, म्हणजे खेकडा. मित्सुएचा जीव की प्राण. तिनं एक खाल्ला आणि म्हणाली, "मीठ..."

"घे की!" इसामूनं वरून मीठ भुरभुरलं.

"मीठ..." ती पुन्हा म्हणाली. त्यानं आणखी भुरभुरलं. तिसऱ्यांदा तिनं तोंडच उघडलं नाही. ताटली बाजूला सारली. दुपारी त्यानं उरलेला तुकडा तोंडात टाकला तेव्हा त्याचे डोळे पाण्यानं भरले. पिठातच मीठ दुप्पट पडलं होतं.

आठवड्यातून दोनदा फुकुदोमे नावाची मुलगी यायची, बोलायला शिकवणारी. वय असेल अठ्ठावीस, आवाज मऊ, पण सांगायचं ते सांगणारी. ती मित्सुएसमोर चित्रं मांडायची आणि मग नुसती बसायची. एके दिवशी इसामू दुकानातून आत टॉवेल घ्यायला गेला आणि पडद्याआड थबकला. आत मित्सुए बोलत होती. "शेजारीण... काल... मांजर... आणलं." मधल्या खाचांमध्ये फुकुदोमे काही म्हणजे काही करत नव्हती.

जाताना फुकुदोमेनं त्याला दारात गाठलं. "काका, काकू माझ्याशी तासाभरात दहाबारा वाक्यं बोलतात. तुमच्याशी दिवसभरात किती?"

"तिला बोलायची गरजच पडत नाही. मला सगळं कळतं..."

"तुमचं म्हणणं पुरं होऊ द्यावं म्हणून थांबले होते," फुकुदोमे म्हणाली. "झालं? आता माझं ऐका. घरातल्या बोलण्याचं मी विचारलं तर त्या 'हो-नाही' एवढंच खुणेनं सांगतात, तुमचं नाव काढलं की तेही नाही. घरात बोलणं त्यांनी सोडलंय. आजारामुळे नाही, कंटाळून. आणि हे वर्ष महत्त्वाचं आहे, काका. जे परत यायचं ते बहुतेक या वर्षातच येतं. वापरलं नाही तर त्या वाटेवर गवत उगवतं, मग मीही काही करू शकत नाही."

"म्हणजे मी तिला जास्त प्रश्न..."

"प्रश्न विचारूच नका. थांबा. दहा श्वास थांबा."

"दहा? इतके?"

"तुम्ही धनुष्य ओढता ना? थांबायचं कसं ते तुम्ही मला शिकवायला हवं."

ते त्याला लागलं, कारण तिला माहीत नसलेली एक गोष्ट होती. धनुष्य त्याला ओढता येत नव्हतं. दवाखान्याची धावपळ सरल्यावर तो पहिल्यांदा तालमीत गेला, बाण लावला, उचलला, ओढला, आणि बाण गालाशी यायच्या आतच दोरी निसटली. गवतात कुठंतरी बाण पडला. त्याला वाटलं सवय मोडली. दुसराही तसाच. महिनाभर तसंच. बाण ओठांच्या रेषेत आला रे आला की बोटं आपोआप उघडायची, त्याची परवानगी न घेता. या दुखण्याला तिथं नाव आहे, हायाके, घाईचा आजार. धनुष्य ओढणारे त्याचं नाव दबक्या आवाजात घेतात, आपल्याकडे देवीच्या आजाराचं घेत तसं. चांगल्या चांगल्यांनी त्यापायी धनुष्य भिंतीला टांगून ठेवलंय ते कायमचं.

सेतोगुची सेन्सेई महिनाभर काही बोलले नाहीत. मग एका सकाळी तालमीच्या कोपऱ्यातून त्यांचा आवाज आला. "इसामू, इकडे ये. तू हल्ली कुणाला भेटतच नाहीस. नुसता निरोप देत सुटलायस."

"सेन्सेई, मी प्रयत्न करतो, पण बोटं..."

"बोटांना का दोष देतोस. आण ते बाण इकडे."

त्यांनी त्याचे सहाही बाण घेतले आणि स्वतःच्या भात्यात ठेवून दिले. आता बाण नाही. नुसतं धनुष्य ओढायचं, थांबायचं, आणि दोरी न सोडता हळूहळू परत आणायची. रिकामी दोरी सोडली तर बांबू फुटतो, तेव्हा सोडायची सोय नाही. सहासष्ट वर्षांचा पाचव्या दर्जाचा धनुर्धारी नवशिक्या पोरींच्या रांगेत उभा राहून बिनबाणाचं धनुष्य ओढू लागला. पोरी कधीकधी खुदकन हसत.

"चार... पाच... सहा," तो मनात मोजायचा.

"मोजू नकोस," सेन्सेई एकदा म्हणाले. न दिसणाऱ्या माणसाला ते कसं कळलं देव जाणे. "भेटायला आलेल्या माणसासमोर बसून घड्याळ बघतात का? मोजणं म्हणजे घाईच, फक्त आंघोळ करून आलेली."

"मोजलं नाही तर दुसरंच येतं मनात, सेन्सेई."

"काय येतं?"

इसामूनं धनुष्य खाली घेतलं. पोरी निशाणांकडे बाण वेचायला गेल्या होत्या. त्यानं सांगितलं. ऑक्टोबरातली सकाळ, बूट, खांद्यावरचं धनुष्य, 'अहो, माझा हात जरा'. त्यानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं, डॉक्टरलाही नाही. डॉक्टरनं विचारलं होतं, आधी काही लक्षण दिसलं का? तो म्हणाला होता, नाही. "अजून चार शब्द ऐकले असते तर ती आज बोलत असती, सेन्सेई. बाण गालाशी आला की सगळं शांत होतं ना, त्या शांततेत तेच वाक्य येतं. अर्धं. मग मला तिथं उभं राहवत नाही."

तुझा काय दोष, असं म्हातारा म्हणाला नाही, आणि त्याबद्दल इसामूला पुढे त्याचे उपकारच वाटले. तो म्हणाला, "मग येऊ दे की ते वाक्य. दारात आलंच आहे तर बसव त्याला. पळून कुठं जाणार तू? दुकान तर तिथंच आहे."

एवढ्यानं रोग बरा झाला असं कुणाला वाटलं तर ते चूक. बाण त्याला परत मिळाले ते पुढच्या वसंतात, आणि अजूनही पावसाळी दिवसांत बोटं कधीतरी दगा देतात. घरात तर त्याहून वाईट. दहा श्वास थांबायचं म्हणून तो मित्सुएसमोर बसायचा, चेहरा असा ताणून की जणू दात उपटायला बसलाय. ती त्याच्याकडे बघायची आणि तिला हसू यायचं, आणि हसू आलं की शब्द पळायचा. सातव्या श्वासाला तो म्हणायचा, "शाल?" एकदा तिनं डाव्या हातानं ती शाल गोळा करून त्याच्या तोंडावर फेकली. ते फुकुदोमेला सांगताना तो म्हणाला, "डावा हात सुधारलाय." पण आवाज काही हसरा नव्हता. मे उलटून गेला होता. वर्षातले चार महिने उरले होते आणि मित्सुए घरात बोलत नव्हती.

जून सरता सरता एका सोमवारची गोष्ट. सोमवारी केशकर्तनाची दुकानं बंद असतात. किरिशिमाच्या ज्वालामुखी डोंगरानं सकाळपासून राख टाकायला सुरुवात केली होती, म्हणून इसामूनं वाळत घातलेले टॉवेल घाईघाईनं आत आणले, खिडक्या लावल्या, आणि आता करायला काही उरलं नाही. मित्सुए आरशासमोर उभी राहून गालावरून बोट फिरवत होती. आठ महिने तिच्या चेहऱ्यावर वस्तरा लागला नव्हता. स्वतः दुसऱ्यांचे चेहरे करणारी बाई, स्वतःचा चेहरा ती दर पंधरवड्याला करायची. त्या चेहऱ्यावर आता बारीक लव आली होती.

"अगं, मी करून देऊ?" त्यानं विचारलं.

तिनं त्याच्याकडे संशयानं बघितलं. चेहरा करणं हे तिचं खातं, त्याला बायकांच्या चेहऱ्यांची सवय नव्हती. पण ती गेली आणि आपल्याच खुर्चीत बसली. इसामूनं खुर्चीची पाठ खाली केली, गरम टॉवेल पिळून तिच्या चेहऱ्यावर ठेवला. टॉवेलखाली माणसाला बोलता येत नाही, म्हणून बोलायचं काम त्याचंच असा दुकानाचा रिवाज. तो राखेबद्दल बोलला, हिदाकाच्या गुडघ्याबद्दल बोलला. मग टॉवेल काढला, साबणाचा फेस केला, कपाळापासून गालापर्यंत ब्रशानं लावला, आणि वस्तरा उघडला.

वस्तरा हातात आला की इसामूची घाई जायची. ते पहिल्यापासूनच. गालाची कातडी डाव्या अंगठ्यानं ताणायची, पातं आडवं टेकवायचं, श्वास सोडत खाली आणायचं. तिचा गाल हाडांशी जरा खोल गेला होता. उजव्या ओठाचा कोपरा खाली कललेला. त्यानं तो गाल केला, मग हनुवटी. डाव्या गालाला पातं टेकणार एवढ्यात ओठ हलले.

त्यानं वस्तरा उचलला आणि हवेत धरला. वस्तरा असा धरल्यावर हलायचं नसतं. हे त्याच्या हाताला कुणी सांगावं लागत नव्हतं.

"त्या..." मित्सुए म्हणाली.

बाहेर कौलांवर राख पडत होती, तिला आवाज नसतो. ती छताकडे बघत होती, त्याच्याकडे नाही.

"त्या... दिवशी..."

ते वाक्य आलं होतं, दारात नाही, थेट घरात. त्याच्या जिभेवर पन्नास शब्द एकदम आले, आणि बाण ओठाशी आल्यावर बोटांना व्हायचं तसं त्याच्या जिभेला झालं. त्यानं मोजलं नाही. मोजायचं सुचलंच नाही त्याला. तो उभा राहिला.

"हात," ती म्हणाली. डाव्या हातानं तिनं उजव्याला स्पर्श केला. मग बराच वेळ काही नाही. कपाळावरच्या फेसाचे बुडबुडे एकेक करून फुटत होते.

"तुम्ही... ऐकलं... नाहीत."

झालं. आठ महिने ज्याला तो घाबरत होता ते वाक्य झालं होतं. पुरं, शेवटच्या 'नाहीत'सकट. तिला ठाऊक होतं तर. आठ महिने ती हे घेऊन त्याच्यासमोर बसली होती, त्यानं आणलेली शाल पांघरून. त्याची क्षमेची वाक्यं तयार होती, कितीतरी दिवसांची तयार होती. म्हणून टाकली असती तर रडला असता, तीही रडली असती, आणि दुपार सरली असती. त्यानं तोंड उघडलंसुद्धा.

पण तिचे ओठ मिटले नव्हते. खालचा ओठ थरथरत होता, पुढचं काहीतरी ओढून आणत होता. अजून संपलं नव्हतं. इसामूनं तोंड तसंच बंद केलं. त्याचा वस्तऱ्याचा हात खांद्यापाशी दुखायला लागला. ती सकाळ पुन्हा आली, बूट, धनुष्य, डबा, आणि या वेळी तो त्या आठवणीपासून पळाला नाही. तिला बसू दिलं.

"मी... पण..." मित्सुए म्हणाली. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघून तिच्या कानाकडे गेलं. "मी पण... सांगितलं... नाही."

तो थांबला.

"पहाटे... पासून... हात... नव्हता." तिनं डोळे मिटले, जणू पुढचा शब्द आतल्या भिंतीवर लिहिलेला होता. "डबा... डाव्या... हातानं... भरला."

तो अजून थांबला. डबा त्याला आठवत होता. भाताचे गोळे वाकडे झाले होते. परीक्षेच्या आधी, आपल्याच तंद्रीत, त्यानं ते न बघता खाल्ले होते.

"तुमची... परीक्षा." मग शेवटचे दोन शब्द आले, इतक्या उशिरा की दुसऱ्या कुठल्याही दिवशी इसामू तोवर चहा करून आला असता. "लपवलं... मी."

आता तिचे ओठ मिटले. वाक्य संपलं होतं. इतकं लांब वाक्य ती फुकुदोमेशीही बोलली नव्हती. इसामू हलला नाही. वाक्य गेलं तिकडे बघत तो तसाच उभा राहिला, हातात वस्तरा धरून. त्या बोलण्यानं त्याच्यावरचं ओझं उतरलं की दुप्पट झालं हे त्याला सांगता आलं नसतं. बहुतेक दोन्ही झालं. फक्त आता ते दोघांचं होतं.

मित्सुएनं डोळे उघडले आणि पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. तो काहीच बोलत नाही हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिच्या ओठाचा चांगला कोपरा किंचित वर गेला.

"आता..." ती म्हणाली. "तुम्ही... बोला."

इसामूनं वस्तरा मिटून बाजूला ठेवला. तिचा निकामी हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तोंड उघडलं. मघाचे पन्नास शब्द कुठं गेले कोण जाणे, एकही सापडेना. "मी..." तो म्हणाला, आणि अडकला. पुन्हा म्हणाला, "मी..."

त्याला काय म्हणायचंय हे तिला चांगलं ठाऊक होतं. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं कळतंच. तरी तिनं ते त्याच्यासाठी म्हणून टाकलं नाही. अर्ध्या चेहऱ्यावर साबण वाळत असलेली मित्सुए त्याच्याकडे बघत, घाई न करता, त्याच्या शब्दाची वाट बघत राहिली.